पोरगं काय घेतंय ते आधी ओळखा, मग ओरडा

गेल्या पावसाळ्यात शटर ओढायच्या वेळेला एक काकू दुकानात आल्या, छत्रीतनं पाणी टपकतंय, आणि पदराच्या गाठीतनं गोळ्यांची एक पट्टी काढून काउंटरवर ठेवली. दहातल्या सात गेलेल्या. पोराची जीन्स भिजत घालताना खिशात सापडली म्हणे. "दादा, ह्या कसल्या गोळ्या बगा की जरा, ताप बीप आला तर सांगील की न्हवं, आमच्याशी तर बोलतच नाही तो." नाव अर्धं फाडलेलं होतं पण मागची लाल चौकट आणि इशारा दिसत होता, अल्प्राझोलाम, म्हणजे जीव घाबरा होण्यावरची, झोपेची. मी सांगितलं तशा काकू तिथंच स्टुलावर बसल्या आणि पहिलं वाक्य काय तर "आजच घरात कोंडून घालते, बघू कशा खातोय."

तिथंच मला त्यांना थांबवावं लागलं. कारण गांजावाल्या पोराला चार दिवस घरात बसवलं तर तो चिडचिड करेल, झोपणार नाही, बास. पण ह्या गोळ्या महिनोनमहिने रोज खाणाऱ्याला एकदम कोंडलं तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आमच्या लोकांचं काय आहे, सगळ्याला एकच शब्द, "नशा करतोय", आणि सगळ्याला एकच औषध, दोन कानाखाली आणि मोबाईल काढून घ्या. बेळगावच्या शहापुरात बावीस वर्षं मेडिकल चालवतोय, डॉक्टर नाही मी, पण माझं म्हणणं एवढंच की आधी काय घेतंय ते ओळखा, कारण एका नशेत पोराला पळवायचं नसतं, दुसरीत झोपू द्यायचं नसतं, तिसरीत एकदम बंद करायचं नसतं. हे उलटंपालटं झालं की चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीनं पोरगं जातं.

सुरुवात डोळ्यांपासून करा. तपासणी असल्यासारखं टॉर्च मारू नका, जेवायला वाढताना समोर बसा आणि नुसतं बघा. बुब्बुळाच्या मधला काळा ठिपका अंधारात मोठा होतो आणि उजेडात बारीक, हे सगळ्यांचं. ब्राऊन शुगर, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध असलं अफूच्या घराण्यातलं काही असेल तर तो ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा होतो आणि मंद उजेडातसुद्धा तसाच राहतो. एमडी, कोकेन, आईस (मेथॅम्फेटामिन) असली उठवणारी नशा असेल तर उलटं, भर दुपारी अंगणातसुद्धा ठिपका मोठाच्या मोठा. गांजात डोळे लाल आणि पापण्या जड. झोपेच्या गोळ्यांत ठिपक्याचं विशेष काही नाही पण जीभ जड होते, शब्द एकमेकांत मिसळतात, चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागतो, आणि तोंडाला दारूचा वास नाही, घरच्यांना तेच कोडं पडतं. आता डोळे लाल म्हणजे गांजाच असं नाही हां, उद्यमबागेत फाउंड्रीत नाईट करून आलेल्याचे डोळे पण लालच असतात, त्यामुळं एका खुणेवर केस ठोकू नका. झोप, भूक, पैसा, मित्र आणि डोळे, ह्यातलं तीन-चार एकदम बदललं तर मग विचार करा.

गांजाचं आधी बोलतो कारण सगळ्यात जास्त तोच, आणि सगळ्यात जास्त गैरसमज पण त्याच्याबद्दलच. एम्सच्या तज्ञांनी केंद्र सरकारसाठी देशभर मोठा सर्व्हे केला होता, २०१९ मध्ये आला, त्यात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले लोक ३ कोटींच्या वर निघाले, म्हणजे शंभरात जवळजवळ तीन. पोरं म्हणतात ती तर वनस्पती आहे, झाडपाल्यानं काय होतंय. अहो धोतरा पण झाडच आहे. गांजानं माणूस हसतो, भूक लागते, वेळ हळू चाललाय असं वाटतं, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, आणि गाडी चालवताना ब्रेकवर पाय यायला उशीर होतो, हे त्याला स्वतःला कळत नाही कारण त्याला वाटतंय आपण एकदम सावकाश आणि भारी चालवतोय. एखाद्याला उलटं होतं, एकदम भीती बसते, आपण मरतोय असं वाटतं. तशा वेळी गांजानं माणूस मरत नाही हे शांतपणे सांगत शेजारी बसायचं, पाणी द्यायचं, लाईट थोडा कमी करायचा, दोन-चार तासांत उतरतं. मात्र छातीत दुखायला लागलं किंवा शुद्ध हरपायला लागली तर बसून राहू नका, दवाखाना.

खरा धोका कमी वयात आहे. चौदा-पंधराव्या वर्षापासून रोज ओढणाऱ्याचा मेंदू अजून बनत असतो, लक्ष आणि आठवण दोन्हीला मार बसतो, आणि ज्याच्या घराण्यात कुणाला वेडाचे झटके असतील त्याला गांजातनं तो आजार लवकर बाहेर पडायची भीती जास्त. शेजारी माझ्यावर करणी करायलेत, मोबाईलमधनं कोणतरी माझं ऐकतंय, असं पोरगं बोलायला लागलं तर अंगारा-धुपारा करत सहा महिने घालवू नका, सरळ मानसोपचारवाल्याकडं. आणखी एक खूण जी फार कमी लोकांना माहीत आहे, वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काही जणांना वरचेवर उलट्या सुरू होतात, पोट आवळतं, आणि गरम पाण्यानं आंघोळ केली की बरं वाटतं म्हणून ते तास तासभर न्हाणीघरात. घरचे ॲसिडिटी ॲसिडिटी करत माझ्याकडं सिरप नेत बसतात. गांजा बंद केल्याशिवाय ते थांबत नाही.

भांग हा त्याचाच सोवळ्यातला भाऊ. होळीला, शिवरात्रीला थंडाईत घेतात, आणि चूक नेहमी एकच, अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरा ग्लास. पोटातनं चढायला तास-दोन तास लागतात, मग दोन्ही ग्लास एकदम चढतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कामाचा राहत नाही.

आता ज्याच्याबद्दल मला खरं बोलायचंय ते म्हणजे हुंगायचं. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर, कधी पेट्रोल. ही गरीब पोरांची आणि लहान पोरांची नशा, त्याच सर्व्हेत हुंगणाऱ्यांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या पोरांत दुप्पट निघालं, मोठ्यांत अर्ध्या टक्क्याच्या जरा वर आणि पोरांत १.१७ टक्के. कायद्यानं बघितलं तर ट्यूब म्हणजे अमली पदार्थ पण नाही, चार पैशात मिळते, सायकल पंक्चर झालीय म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. खुणा म्हणजे नाका-ओठाभोवती लालसर पुरळ, कपड्याला, श्वासाला रंगाच्या दुकानासारखा वास, बाहीला किंवा रुमालाला चिकट वाळलेले डाग, आणि दुपारीच दारू प्यायल्यासारखं झुलणं जे पंधरा-वीस मिनिटात जातं पण.

दुकानामागं बोळ आहे. आठ-नऊ वर्षं झाली असतील, मागचं दार उघडलं तर बारा-तेरा वर्षांचं एक पोरगं पायरीवर बसलेलं, तोंडावर फडकं. मी जोरात ओरडलो, "ए, काय करूलास रे तिथं!" आणि एक पाऊल पुढं टाकलं. ते दचकून उठलं, बोळाच्या तोंडापर्यंत पळालं आणि गटाराच्या कडेला धाडकन पडलं. मला वाटलं ठेच लागली. जाऊन बघतो तर ओठ निळसर. रिक्षात घालून नेलं, नशीब म्हणून ते वाचलं, तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पळवलंत काय ह्याला?" ही वाफ आत असताना हृदयाचा ठोका आधीच बिथरायच्या बेतात असतो, त्यात दचकणं, पळणं, भीती ह्यांनी अंगात जोराची लाट येते आणि हृदय बंद पडू शकतं, अगदी पहिल्याच वेळी हुंगणाऱ्याचंसुद्धा. तेव्हापासनं मी सगळ्यांना सांगतो, हुंगताना पोरगं दिसलं तर ओरडू नका, अंगावर धावू नका, पाठलाग करू नका. हळू आवाजात हाक मारा, खाली बसवा, ट्यूब किंवा फडकं हळूच बाजूला घ्या, खिडकी-दार उघडा, मोकळ्या हवेत बसू द्या, जवळपास कुणी काडी ओढत असेल तर लांब करा कारण ती वाफ पेटते. रागवायचं ते उद्या. आणि जे बरीच वर्षं ओढत राहतात त्यांचे हात कापतात, तोल जातो, शाळेत लिहिता येत नाही, किडनी-लिव्हरला मार, ऐकायला पण कमी येतं काही जणांना.

गोळ्या आणि सिरप हा माझ्या धंद्यातला विषय, म्हणून इथं जरा लाज पण वाटते. २०१४ पासून शेड्यूल एच-१ आहे, म्हणजे अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन अशी औषधं दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली हे वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. ट्रामाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यातच आलंय. बहुतेक दुकानदार पाळतात. न पाळणारा एक जरी असला तरी पोरांना त्याचा पत्ता आठवड्यात कळतो, आणि सीमेवरच्या गावांत ह्या राज्यात नाही मिळालं तर पलीकडच्या, गाडीला किक मारली की अर्ध्या तासात तुम्ही चंदगड नाहीतर गडहिंग्लजच्या बाजूला. आणि खरं सांगू, कितीतरी गोळ्या मेडिकलमधनं येतच नाहीत, आजीच्या डब्यातनं येतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीच्या दुखण्याच्या गोळ्या, आजोबांच्या झोपेच्या गोळ्या. घरात असल्या गोळ्या असतील तर आजच मोजा, कुलपात घाला, उरलेल्या परत करता येतात काय दुकानात विचारा.

दोन घराणी वेगळी ओळखा. एक झोपेचं-शांत करायचं, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम, ज्याला पोरं बटण म्हणतात. ह्यात माणूस ढिला पडतो, काल काय केलं आठवत नाही, कधी उलट चिडून हात उचलतो आणि सकाळी त्याला खरोखरच माहीत नसतं. रोजची सवय असेल तर डॉक्टर आठवड्या-आठवड्यानं डोस उतरवतात, कधी कधी महिने लागतात. त्या काकूंना मी तेच सांगितलं, उरलेल्या तीन गोळ्या फेकू नका, पट्टी तशीच ठेवा, उद्या सकाळी दोघं मिळून डॉक्टरकडं. दुसरं घराणं दुखण्याचं, ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, हे अफूचे नातेवाईक. ह्यात ऊब, सुस्ती, मान टाकून डुलकी, बद्धकोष्ठ, अंगाला खाज, सारखं नाक चोळणं. ट्रामाडॉल जास्त झालं तर फिट येते, हे वेगळं लक्षात ठेवा. कोडीनच्या सिरपच्या रिकाम्या बाटल्या पलंगाखाली, टेरेसवर टाकीमागं सापडतात, आणि चहात साखर एकदम वाढलेली असते. ही साखरेची खूण कुठल्या पुस्तकात नसेल, पण मला दोन-तीन आयांनी सांगितली.

ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉईन, त्याच घराण्यातलं पण वाघासारखं. सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी, तिच्यावर काळी करपलेली रेघ, काडेपेट्या भराभर संपणं, लांब बाह्यांचे शर्ट मे महिन्यात. शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं मोडल्यासारखी दुखणं. दोन-तीन दिवस कळस आणि आठवड्याभरात बरंचसं उतरतं. बघवत नाही, पण धडधाकट माणूस सहसा ह्यानं मरत नाही, पाणी आणि मीठ-साखर आत जात राहिलं पाहिजे, आणि डॉक्टरकडं त्याला औषध आहे, कोंडून सोसायला लावायची गरज नाही. बुप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली देतात, त्यानं तलफ बसते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. "एक नशा सोडून दुसरी" म्हणून नातेवाईक नाकं मुरडतात, त्यांचं ऐकू नका, डायबेटिसवाल्याला इन्सुलिन बंद कर म्हणतो काय आपण.

मरणाची भीती सुटल्यानंतर जास्त. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात नाहीतर हिंडलग्याच्या जेलमध्ये राहून आलेला, अंगाची सवय गेलेली, आणि जुन्या मित्राकडं जाऊन जुन्याच हिशोबानं घेतो, तो त्याला झेपत नाही. म्हणून हे पाठ करा: हाक मारली, छातीच्या हाडावर बोटांच्या गाठींनी जोरात घासलं तरी उठत नाही, ठिपका टाचणीएवढा, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली किंवा घशातनं घरघर, ओठ-नखं निळी. घोरतोय म्हणून चादर घालून निघून गेलेले बाप सकाळी रडलेत. तिथं १०८ लावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढं दुमडून, हनुवटी जरा वर, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास थांबला तर नाक धरून तोंडानं श्वास द्या, नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरू करा. कांद्याचा वास, चप्पल हुंगवणं, मीठपाणी पाजून उलटी काढणं, थंड पाण्याखाली धरणं, असलं काही करू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात घोटभर पाणीसुद्धा नको. दवाखान्यात नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन असतं, काही मिनिटांत माणूस उठून बसतो, पण ते औषध नशेच्या आधी उतरतं, म्हणून "उठला की, चला घरी" करू नका, डॉक्टर ठेवतील तितके तास ठेवा. आणि काय घेतलं ते खरं सांगा. विष-ओव्हरडोसच्या केसला कॅज्युअल्टीत पोलीस कागद होतो, तो सापाच्या केसलाही होतो, त्याला घाबरून "काय माहीत नाही हो" म्हणत बसलात तर डॉक्टर अंदाज करत बसणार.

सुई टोचणारा असेल तर अजून एक, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी करून घ्या, एचआयव्हीची सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव गुप्त राहतं. एकाच सुईवर तिघं-चौघं, तिथनंच सगळं पसरतं.

मग उठवणारी नशा. पूर्वी आपल्याकडं हे नावालाच ऐकायचो, आता चोरला घाट उतरला की गोवा, शनिवारी दुपारी चार गाड्या जातात आणि सोमवारी पहाटे परत. सगळे काही त्यासाठी जात नाहीत, उगीच पोरांवर आळ घेऊ नका, फेणी आणि बीचसाठी जाणारेच जास्त. पण एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पांढरट पावडर, २०१५ पासून कायद्यानं बंद, त्याच्या खुणा अशा: दोन-दोन रात्री झोप नाही, जेवण नाही, तरी बडबड चालू, जबडा आवळलेला, दात करकर, नाकातनं रक्त किंवा सारखी सर्दी, वजन दोन महिन्यात उतरलेलं. मग दोन दिवस मेल्यासारखं झोपणं आणि उठल्यावर काळं तोंड करून कोपऱ्यात. आईस आणि कोकेन थोड्याफार फरकानं तसंच. ह्यात धोका हृदयाचा आणि तापाचा, अंग तव्यासारखं तापतं, छातीत दुखतं, विशी-पंचविशीतल्या पोराला अटॅक येऊ शकतो. तशा वेळी गर्दी हटवा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं पुसा, पंखा लावा, १०८. आणि वाद घालू नका, कारण तो संशयानं भरलेला असतो, चार काका अंगावर आले की त्याला वाटतं मारायलाच आलेत, मग खरंच हातात काहीतरी घेतो. एकानंच बोलायचं, हळू, हात दिसतील असे ठेवून, आणि दाराकडची वाट त्याच्यासाठी मोकळी.

पार्टीतला एलएसडीचा स्टॅम्प, म्हणजे जिभेवर ठेवायचा कागदाचा तुकडा, किंवा एक्स्टसीची गोळी, त्यावर जास्त लिहीत नाही. स्टॅम्पमध्ये भिंती हलतात, रंग ऐकू येतात, आठ-दहा तास चालतं, गच्चीवरनं आणि गाडीवरनं लांब ठेवायचं एवढंच. एक्स्टसीत अंग तापणं आणि नुसतं पाणी ढोसत बसणं दोन्ही वाईट.

ह्या सगळ्यात दारू मिसळली की हिशोब बदलतो. झोपेची गोळी आणि दारू, किंवा ट्रामाडॉल आणि दारू, दोन्ही श्वासच दाबतात, एकात एक मिळवलं की दोन नाही चार होतात. मी जे मयत बघितलेत त्यातली बरीचशी अशीच, लग्नाच्या वरातीची रात्र, आधी दोन गोळ्या आणि मग वरनं क्वार्टर.

बोलायचं कसं, हे विचारतात सगळे. नशेत असताना नाही, रात्री अकराला बापानं पिऊन येऊन तर मुळीच नाही, हे आमच्याकडं होतं, स्वतःचा ग्लास बाजूला ठेवून पोराला व्यसनावर भाषण. सकाळी, एकट्यात, गाडीवर मागं बसवून राजहंसगडाच्या बाजूला न्या, समोरासमोर नसलं की पोरं बोलतात. "तू नशा करतोस" नको, जे बघितलं तेच सांगा, "मंगळवारी तुझ्या खिशात ही पट्टी मिळाली, मला भीती वाटली." मग गप्प बसा. गप्प बसणंच अवघड. पहिल्यांदा तो खोटं बोलणार, मित्राची आहे म्हणणार, ठीक आहे म्हणा, दार उघडं ठेवा. चोरून लघवीची टेस्ट करू नका, विश्वास जातो, आणि तिचा अर्थ लावणं पण सोपं नाही, रोज गांजा ओढणाऱ्याचा बंद केल्यावर तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, उलट एमडी साध्या किटवर सापडतच नाही पुष्कळदा.

पोलिसांची भीती. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यात घेणाऱ्याला कलम २७ खाली पदार्थाप्रमाणं सहा महिन्यांपर्यंत नाहीतर वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे, पण त्याच कायद्यात ६४-ए पण आहे, वकिलांना पण कधी कधी आठवण करून द्यावी लागते. व्यसनी माणूस थोड्या मालासह सापडला आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो, उपचार मध्येच सोडला तर ती सवलत जाते. थोडा माल म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, ब्राऊन शुगर ५ ग्रॅमपर्यंत, एवढाच. विकणाऱ्याला हे नाही. आणि "फक्त मित्राला दिलं, पैसे घेतले नाहीत" हे कोर्टात चालत नाही, पोरांना हे एक वाक्य जरूर सांगा. नुसतं डॉक्टरकडं उपचाराला गेलात तर कुणी तुम्हाला पकडायला येत नाही.

जायचं कुठं. बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स, तिथं मानसोपचार विभाग आहे, मोठ्या खाजगी मेडिकल कॉलेजांत पण आहे. अवघड केस असेल तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. आमच्याकडं "ह्याला धारवाडला घाला" ही शिवीच आहे, त्या शिवीपायी कितीतरी घरांनी दोन-दोन वर्षं फुकट घालवलीत, आणि तिथं गेलं तर ओपीडीत तुमच्याआमच्यासारखेच लोक डबे घेऊन बसलेले असतात. पुण्याकडं नातेवाईक असतील तर मुक्तांगण आहे, १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, मराठीत सगळं समजतं म्हणून आपल्या भागातले बरेच जण तिकडं जातात. फोनवर आधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीचा देशभरचा नंबर १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, दोन्ही फुकट. कन्नड येत नसेल तर मराठी किंवा हिंदीवाला द्या म्हणून मागून घ्या, लाजू नका.

खाजगी केंद्रात घालायच्या आधी स्वतः जाऊन बघा. डॉक्टर रोज येतो काय, आठवड्यातनं एकदा सही करून जातो? रजिस्ट्रेशनचा कागद भिंतीवर आहे काय? भेटू देतात काय? माझ्या आतेभावाच्या पोराला एका ठिकाणी ठेवलं होतं, नाव घेत नाही, पहिले पंधरा दिवस भेट बंद, आणि सोळाव्या दिवशी बघितलं तर घोट्याला साखळीचा काळा वण. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात साखळीनं बांधणं बंद आहे, नशेमुळं होणारा मनाचा आजारही त्यात बसतो, म्हणजे तो वण हा गुन्हा होता, पण आम्हाला तेव्हा तो "कडक शिस्त" वाटला. पोरगं बाहेर आल्यावर आठ दिवसांत परत सुरू, आणि आता दवाखान्याचं नाव काढलं की घराबाहेर पळायचं. ते परत डॉक्टरसमोर बसायला वर्ष गेलं. दुसरी भानगड म्हणजे भाजीत चोरून घालायची पावडर, पेपरात जाहिरात असते, पिणाऱ्याला कळत नाही आणि दारू सुटते म्हणे. त्यातल्या कितीतरींत काय असतं देव जाणे, आणि डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायचं औषध, असेल तर त्यावर दारू पडली की बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो. ते औषध पेशंटला सांगून, तपासण्या करूनच द्यायचं असतं.

ओपीडीला जाताना पट्टी, रिकामी बाटली, पुडीचा कागद जे सापडलं असेल ते पिशवीत घाला, चालू औषधांची चिठ्ठी घाला, आणि चिठ्ठीचा फॉर्म कन्नडमध्ये असतो म्हणून वाचणारं कोणतरी बरोबर घ्या, नाहीतर रांगेत पुढच्याला विचारा, भरून देतात लोक. सकाळी नऊच्या आत पोचा. घरी आल्यावर त्याचा पगार दोन महिने तरी आईच्या खात्यात, त्याच्या संमतीनं, आणि संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ रिकामी ठेवू नका, तलफ बहुतेक तेव्हाच येते, पंधरा-वीस मिनिटं टिकते आणि जाते, तेवढ्यापुरतं कुणीतरी बरोबर लागतं. परत एकदा घसरला तर पहिल्यापासनं रडारड नको, पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरला फोन.

त्या काकू दुसऱ्या दिवशी गेल्या पोराला घेऊन. तीन महिने डोस उतरवत होते, दर पंधरवड्याला चिठ्ठी घेऊन माझ्याकडंच यायच्या, आणि मी रजिस्टरला लिहायचो, आधी अर्धी, मग पाव. शेवटच्या वेळी पोरगंच आलं, एकटं, काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि म्हणालं, "काका, सही माझी मीच करतो."